झेंडू, गाजर आणि डोळ्यांची गोळी

दसऱ्याच्या आदल्या रात्री दादरच्या फुलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात पोत्यांनी उतरणारा झेंडू आणि मेडिकलच्या काचेमागे उभी असलेली 'डोळ्यांच्या आरोग्यासाठी' असे छापलेली डबी, यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण डबी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला, तर तिथे 'मेरीगोल्ड एक्स्ट्रॅक्ट' किंवा 'टॅजेटीस इरेक्टा' ही अक्षरे सापडतात. टॅजेटीस इरेक्टा म्हणजे आपला झेंडूच. ही डबी ज्या ल्युटीन या पिवळ्या रंगद्रव्याच्या जोरावर विकली जाते, ते ल्युटीन जगभर प्रामुख्याने याच फुलाच्या पाकळ्यांतून काढतात. मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले हे झाड युरोपीय व्यापाऱ्यांच्या काळात इकडे आले, तोरणात आणि हारात बसले, आणि आता कॅप्सूलमध्ये शिरले आहे.

डबीवरचा दुसरा ठळक शब्द असतो 'वनस्पतीजन्य'. तो खरा असतो, आणि गिऱ्हाइकाला धीर देतो. मात्र गोळी कुठून आली एवढेच तो सांगतो. ती कुणाला लागते, किती लागते आणि कुणाला अजिबात नको, यातले काही सांगत नाही. पुढच्या पानांचा सगळा विषय या राहून गेलेल्या प्रश्नांचा आहे.

आधी कुटुंबाची ओळख. झाडांतल्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांचा मोठा भाग कॅरोटिनॉइड या द्रव्यांचा असतो. निसर्गात त्यांचे सातशेहून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत. गाजर आणि आंब्यात बीटा-कॅरोटीन, टोमॅटोत लायकोपीन, मक्याच्या दाण्यात आणि लाल-नारिंगी मिरचीत झियाझँथिन. पालक, मेथी, अळू यांतही ही द्रव्ये भरपूर असतात. हिरव्या रंगाखाली झाकली गेल्यामुळे ती दिसत नाहीत एवढेच. 1903 साली वॉर्सामध्ये मिखाइल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांचा अर्क खडूसारख्या पांढऱ्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून खाली सोडण्याची पद्धत मांडली. नळीत हिरव्या आणि पिवळ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे उमटत. एका हिरव्या पानात इतके पिवळे लपलेले असते हे त्या पट्ट्यांनी डोळ्यांना दाखवले, आणि क्रोमॅटोग्राफी हे तंत्रही त्यातूनच जन्माला आले.

माणसाचे शरीर ही द्रव्ये स्वतः बनवू शकत नाही. जी मिळतात ती ताटातूनच.

आता गोंधळाकडे. लोकांच्या मनात 'गाजर', 'अ जीवनसत्त्व', 'डोळ्यांची गोळी' आणि 'चष्म्याचा नंबर' हे सगळे एकाच डब्यात असते. प्रत्यक्षात इथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते आणि हे जीवनसत्त्व अंधुक उजेडात पाहण्यासाठी लागते. ल्युटीन आणि झियाझँथिन यांचे अ जीवनसत्त्व होत नाही. त्यांचे काम डोळ्याच्या पडद्यावरच, पण निराळे. एका टंचाईत लहान मुले आंधळी होतात. दुसऱ्या गोष्टीचा संबंध साठीनंतर झिजणाऱ्या पडद्याशी. जाहिरातीत हे दोन धागे एकमेकांत गुंफले की कुणालाही काहीही विकता येते.

पहिल्या गोष्टीचे गांभीर्य आजच्या शहरी वाचकाला जाणवत नाही, कारण रातांधळेपणा हा शब्दच त्याच्या घरातून गेला आहे. तिन्हीसांजेला मूल चाचपडायला लागले, उंबऱ्याला अडखळले, की खेड्यातल्या आजीला कळत असे. दुर्लक्ष झाले तर बुबुळ कोरडे पडून पांढरे होई आणि दृष्टी कायमची जाई. भारत सरकारने 1970 साली लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजण्याचा कार्यक्रम सुरू केला, तो यासाठीच. अंगणवाडीत चमच्याने दिले जाणारे ते औषध अनेकांना आठवत असेल. पुढे आल्फ्रेड सॉमर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने इंडोनेशियात दाखवून दिले की ही टंचाई केवळ डोळेच नव्हे, तर मुलांचे जीवही घेते.

मात्र ज्याच्या शरीरात टंचाईच नाही, त्याला आणखी गाजरे खाऊन घारीची नजर मिळत नाही आणि चष्म्याचा नंबरही उतरत नाही. ही समजूत जगभर घट्ट होण्यात दुसऱ्या महायुद्धाचाही वाटा आहे. ब्रिटिश विमानदळाचा जॉन कनिंगहॅम हा वैमानिक रात्रीच्या काळोखात जर्मन विमाने टिपत असे. खरे कारण विमानात बसवलेले रडार. ते गुप्त राहावे म्हणून वैमानिक गाजरे खातात अशी हूल उठवली गेली. त्या काळात ब्रिटनमध्ये गाजरे मुबलक होती आणि बाकी बरेच रेशनवर होते, त्यामुळे सरकारी प्रचाराला ही कहाणी सोयीची पडली. जर्मनांचा तिच्यावर विश्वास बसला की नाही हे बाजूला ठेवू. आपल्याकडच्या पालकांचा अजून आहे.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध घडते. पडद्याचा हा जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा भाग, त्याला मॅक्युला म्हणतात. सुईत दोरा ओवणे, पोथी वाचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक कामे तोच करतो. तो पिवळसर दिसतो. हा पिवळेपणा कॅरोटिनॉइडचा असावा, असे जॉर्ज वॉल्ड या शास्त्रज्ञाने 1945 साली सुचवले. 1985 साली फ्लोरिडातल्या रिचर्ड बोन आणि जॉन लँड्रम यांच्या गटाने ती द्रव्ये ल्युटीन आणि झियाझँथिन असल्याचे दाखवले. रक्तात पंधरा-वीस प्रकारची कॅरोटिनॉइडे फिरत असतात. पडदा त्यातून नेमकी ही निवडून घेतो आणि मध्यभागी दाट साठवतो. ल्युटीनचा काही भाग तो तिथल्या तिथे मेसो-झियाझँथिन या तिसऱ्या रूपात बदलतो.

इतकी निवड करून शरीर एखादी वस्तू साठवते तेव्हा तिला काहीतरी काम असणार, हा तर्क साहजिक होता. ही द्रव्ये निळा प्रकाश पेशींपर्यंत पोहोचण्याआधी बराचसा शोषून घेतात, आणि प्रकाश व प्राणवायू यांच्या माऱ्यातून तयार होणारे घातक रेणू निकामी करतात. हे प्रयोगशाळेत दिसते. पण त्यावरून गोळी खाल्ल्याने म्हातारपणी नजर टिकेल असे मानणे म्हणजे मधल्या चार पायऱ्या गाळून थेट गच्चीवर जाणे.

त्या पायऱ्या चढायचा प्रयत्न ज्या आजारासाठी झाला, तो म्हणजे वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज. यात पूर्ण अंधार होत नाही. दाराची उभी चौकट मध्येच वाकलेली दिसते. वर्तमानपत्राच्या ओळी एका जागी लाटेसारख्या हलतात. समोर बसलेल्या नातवाचे कान आणि शर्टाची कॉलर दिसते, चेहऱ्याच्या जागी मात्र धुरकट डाग. माणूस घरात बिनदिक्कत वावरतो, चहाही करून घेतो. पण औषधाच्या पट्टीवरचे नाव त्याला वाचता येत नाही. घरचे म्हणतात, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करून टाकू. तोवर वेळ जातो. याचे दोन प्रकार: हळूहळू झिजत जाणारा कोरडा, आणि पडद्याखाली नव्या कमकुवत रक्तवाहिन्या फुटून पाझरणारा ओला. ओल्यासाठी डोळ्यात इंजेक्शने देतात आणि ती उपयोगी पडतात. कोरड्यासाठी बराच काळ काहीच हातात नव्हते.

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने याच पोकळीत एक मोठी चाचणी केली; तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'अरेड्स' म्हणतात. निष्कर्ष 2001 च्या ऑक्टोबरात आले. रोजच्या मात्रेत क जीवनसत्त्व 500 मिलिग्रॅम, ई 400 युनिट, बीटा-कॅरोटीन 15 मिलिग्रॅम, जस्त 80 मिलिग्रॅम आणि सोबत थोडे तांबे. ज्यांची झीज मध्यम टप्प्यावर होती, त्यांच्यात ती पाच वर्षांत पुढच्या टप्प्यावर जाण्याची जोखीम सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाली. नजर सुधारली नाही, गेलेली परत आली नाही, घसरण मंदावली. ज्यांना झीज नव्हती किंवा अगदीच सुरुवातीची होती, त्यांना फायदा दिसला नाही. आज डोळ्यांसाठी जी जी गोळी विकली जाते, तिच्या जाहिरातीत या चाचणीचे नाव असते आणि हे शेवटचे वाक्य नसते.

त्या मिश्रणात एक काटा होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर एक चाचणी झाली होती. बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग टळेल ही आशा. 1994 साली निकाल आला तो उलटा: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग 18 टक्के जास्त. अमेरिकेत अशीच दुसरी चाचणी चालू होती, ती 1996 मध्ये ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली, तिथेही तेच. ज्यांच्या ताटात भाज्या-फळे जास्त त्यांना कर्करोग कमी, हे निरीक्षण खरेच होते. त्यातून एकच द्रव्य उचलून, ताटातून कधीच मिळणार नाही एवढ्या मात्रेत, सिगारेटने पोळलेल्या फुप्फुसात सोडल्यावर काय होते हे कुणी पाहिलेले नव्हते. त्या चाचण्यांतले कॅरोटीन कृत्रिम होते, म्हणून झाडातले किंवा शेवाळातले निर्धोक, असा युक्तिवाद काही विक्रेते करतात. झाडातले निर्धोक असल्याचे दाखवणारी तेवढ्याच तोलाची चाचणी मात्र त्यांच्या हातात नाही.

म्हणून 'अरेड्स 2'. पन्नास ते पंच्याऐंशी वयाचे 4,203 लोक, निकाल 2013 मध्ये. ल्युटीन 10 मिलिग्रॅम आणि झियाझँथिन 2 मिलिग्रॅम, शिवाय माशाच्या तेलातले ओमेगा-3, अशी भर घालून पाहिली. ओमेगा-3 चा उपयोग दिसला नाही. ल्युटीन-झियाझँथिनची जुन्या मिश्रणात नुसती भर घालूनही, मुख्य तुलनेत, ठळक फरक दिसला नाही. पण बीटा-कॅरोटीन काढून त्याच्या जागी ही जोडी घातली की मिश्रण तेवढेच, किंबहुना थोडे जास्त उपयोगी ठरले. आणि ज्यांच्या आहारात ही द्रव्ये सर्वांत कमी होती त्यांना ती जास्त लागू पडली. बीटा-कॅरोटीनच्या गटात फुप्फुसाचे कर्करोग जास्त निघाले, तेही बहुतेक सिगारेट सोडलेल्यांत. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात, 2022 मध्ये, हे चित्र आणखी पक्के झाले. मोतीबिंदूवर या गोळीचा परिणाम नाही हेही याच चाचणीने सांगितले.

झेंडूच्या अर्काला डोळ्यांच्या दवाखान्यात जागा मिळाली ती या वाटेने. चमत्कार म्हणून तो आत आला नाही. धोकादायक घटकाची जागा घेणारा, बऱ्यापैकी निरुपद्रवी पर्याय म्हणून आला. ही पायरी लहान वाटेल, पण वैद्यकात अशा लहान पायऱ्यांना मोल असते, आणि या गोळीच्या बाजूने जे सर्वांत भक्कम बोलता येते ते हेच आहे.

फुलापासून कॅप्सूलपर्यंतचा प्रवास पाहिला की 'नैसर्गिक' या शब्दाकडे जरा शांतपणे बघता येते. कर्नाटकातल्या गुंडलुपेटजवळ, तामिळनाडूत, तेलंगणात शेतकरी कंपन्यांशी करार करून गडद नारिंगी झेंडू लावतात. हाराला लागतो तसा टिकाऊ देठ इथे कुणी बघत नाही. पाकळी जितकी गडद तितका रंग जास्त, पांढऱ्या झेंडूत तो जवळजवळ नसतोच. फुले कारखान्यात खड्ड्यांत किंवा टाक्यांत दाबून, वरून हवाबंद करून आंबवतात. आठवड्यांनंतर आच्छादन काढले की मुरघासासारखा आंबूस वास येतो. मग पाणी पिळून काढायचे, वाळवायचे, दळायचे, गोळ्या पाडायच्या आणि हेक्झेन या द्रावकातून अर्क काढायचा. हाती येते ते दाट, काळपट-तांबडे, चिकट ओलिओरेझिन. वाळलेल्या चुऱ्यातही रंगद्रव्य एक-दोन टक्केच. फुलात ल्युटीन मोकळे नसते, मेदाम्लांना जोडलेले असते. ते सोडवायचे तर अल्कली घालून साबण करतात तशी प्रक्रिया, आणि शेवटी नारिंगी-तांबडे स्फटिक. यात लपवण्यासारखे काही नाही, अन्नउद्योगात अशी प्रक्रिया रोजची आहे. फक्त डबीवरचे शेतातले टवटवीत फूल आणि आतली वस्तू यांच्यामध्ये एक अख्खा रासायनिक कारखाना उभा असतो.

मसाल्यांचे ओलिओरेझिन काढण्यात मुरलेल्या केरळातल्या कारखान्यांनी हा धंदा लवकर उचलला. चीनमध्ये तो प्रचंड वाढला. आणि डोळ्यांच्या आधी या अर्काचे मोठे गिऱ्हाईक होते कोंबडी. खाद्यात झेंडूचा रंग मिसळला की अंड्याचा बलक भडक पिवळा होतो, ब्रॉयलरची कातडी पिवळसर दिसते. आजही त्यासाठी हा अर्क मोठ्या प्रमाणावर जातो. आपल्याकडे दिवाळीनंतर भाव पडला की शेतकरी झेंडू रस्त्याच्या कडेला ओतून देतो, तेव्हा 'हा औषधाला का जात नाही' असा प्रश्न हमखास निघतो. हाराचा वाण वेगळा, कारखाना लांब, आणि तोडलेले फूल तापत पडले की रंग उडू लागतो. आयत्या वेळी ट्रक भरून पाठवण्याचा हा धंदा नाही.

डबीवरची आकडेमोड थोडी शिकून घ्यावी लागते. 'ल्युटीन 10% : 100 मिलिग्रॅम' असे छापलेले असते तेव्हा ल्युटीन 10 मिलिग्रॅमच असते, शंभर नव्हे. 'ल्युटीन एस्टर 20 मिलिग्रॅम' म्हणजे मेदाम्लाला जोडलेले ल्युटीन, त्यात मोकळे ल्युटीन साधारण निम्मे. काही डब्यांत ल्युटीन एवढे कमी असते की ते नावापुरतेच. काहींत अजूनही बीटा-कॅरोटीन असते, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने किंवा पूर्वी ओढलेल्याने ती डबी जागच्या जागी ठेवलेली बरी. भारतात या गोळ्या बहुतेक वेळा अन्न म्हणून नोंदलेल्या असतात, औषध म्हणून नव्हे. म्हणून डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ कायद्याने छापावी लागते. ती सर्वांत बारीक अक्षरात असते, हा योगायोग नसावा. आणखी एक गंमत: आतला अर्क झाडाचा असला तरी सॉफ्टजेलचे कवच बहुतेकदा जिलेटीनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे. 'वनस्पतीजन्य' वाचून डबी घेणाऱ्या शाकाहारी माणसाने चौकोनातला हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, तेही पाहून घ्यावे.

आणि मोबाइल बघणाऱ्या मुलांसाठी ल्युटीनची गमी? संगणकापुढे डोळे शिणतात ते पापण्या कमी मिटल्याने, कोरडेपणाने, जवळच्या अंतरावर सतत रोखून पाहिल्याने. मोबाइल-संगणकाच्या पडद्याचा निळा प्रकाश उन्हातल्या निळ्या प्रकाशाच्या तुलनेत किरकोळ. काही छोट्या चाचण्यांत ल्युटीनने चकाकी सोसण्याची क्षमता किंचित वाढलेली दिसली आहे. तेवढ्यावरून शाळकरी मुलाच्या डब्यात गोळी घालणे म्हणजे धंदा. सामान्य दृष्टी टिकवण्याचा ल्युटीनचा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही सिद्ध मानलेला नाही. केशर, ॲस्टाझँथिन ही मंडळीही रांगेत उभी आहेत. त्यांच्यावरच्या चाचण्या अजून लहान आहेत.

जास्त घेतले तर काय, याचेही एक उदाहरण नोंदलेले आहे. कॅरोटिनॉइड कुटुंबातलेच कँथाझँथिन 1980 च्या दशकात पाश्चात्त्य देशांत कातडी तांबूस करण्याच्या गोळ्यांतून खपत होते. त्या घेणाऱ्यांच्या पडद्यावर डॉक्टरांना सोनेरी स्फटिकांचे कडे दिसू लागले. ल्युटीन त्या मानाने सुरक्षित आहे, पण 'रंगद्रव्यच तर आहे, काय होतेय' हे म्हणणे डोळ्याच्या बाबतीत पूर्वी एकदा महागात पडले आहे.

ताटाकडे वळले तर हिशेब सोपा होतो. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात दहा-बारा मिलिग्रॅम ल्युटीन असते. म्हणजे एक बरी जुडी घरात दोघांची गोळी भरून काढते. ही द्रव्ये तेलात विरघळतात, म्हणून फोडणी हवीच. आयोवातल्या एका प्रयोगात बिनतेलाच्या सॅलडमधून कॅरोटिनॉइडे रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत, तेलाच्या सॅलडमधून उतरली. आपली पातळ भाजी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, अळूचे फदफदे यांना हे कधी शिकवावे लागले नाही. अंड्याच्या बलकात ल्युटीन थोडे, पण स्निग्धात मुरलेले असल्याने चांगले शोषले जाते. एक खबरदारी: रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू नये, डॉक्टरांना विचारून बदलावे; पालेभाजीतले के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करते.

ज्यांच्या पडद्यावर मध्यम टप्प्याची झीज डॉक्टरांनी पाहून नोंदवली आहे, त्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना भाजीवर भागवा म्हणणे चूक, कारण चाचणीतल्या मात्रेतले जस्त, क आणि ई जीवनसत्त्व ताटातून येत नाही. 2024 मध्ये जुन्या चाचण्यांतले पडद्याचे फोटो पुन्हा तपासले गेले, तेव्हा पुढच्या टप्प्यावर पोहोचलेल्या कोरड्या झिजेतही हे मिश्रण घेणाऱ्यांत झिजलेला भाग मध्यबिंदूकडे सुमारे 55 टक्के मंद गतीने सरकल्याचे दिसले. हे जुन्या माहितीचे नवे विश्लेषण आहे, नवी चाचणी नव्हे. शिवाय चाचणीतले बहुतेक लोक गोरे अमेरिकन होते. तरीही ज्या रुग्णाला आजवर 'आता काही करता येत नाही' असे ऐकावे लागे, त्याच्यासाठी हा आकडा मोठा आहे.

साठी ओलांडलेल्या वाचकाने एक गोष्ट डबी घेण्याआधीच करावी. चौकटींच्या वहीचे पान भिंतीला लावून मध्ये शाईचा ठिपका काढावा. जवळचा चष्मा लावून, पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावरून, एक डोळा झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहावे, मग उलट. मार्क ॲम्स्लर या स्विस डॉक्टरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळीची ही घरगुती नक्कल. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकून टाकतो, म्हणून एकेक डोळा तपासायचा. रेषा वाकल्या, तुटल्या किंवा मध्ये डाग दिसला, तर मेडिकलमध्ये न जाता एक-दोन दिवसांत पडद्याच्या डॉक्टरांकडे जावे. ओल्या प्रकारात इंजेक्शनला उशीर झाला तर गेलेली नजर सहसा परत येत नाही.